पाहुण्यांसाठी राखलेला इतिहास

ज्या गावात मनुष्य जन्मतो, ज्या गावच्या शाळेत मार खातो, ज्या गावच्या कचेरीत तीस-पस्तीस वर्षे हजेरीपटावर सही करून अखेरीस पेन्शनीचा मानकरी होतो, त्या गावातील प्रेक्षणीय स्थळे त्याने स्वतः होऊन पाहावीत, असा संकेत निदान आमच्या नागपुरात तरी रूढ नाही. किल्ला, कबरी, शिलालेख, वस्तुसंग्रहालय ही सर्व परगावच्या माणसांची सोय असून स्थानिक रहिवाशाने त्यांच्याविषयी फक्त अभिमान बाळगायचा असतो, अशी आमच्याकडे कामाची वाटणी आहे. अभिमानाला प्रत्यक्ष दर्शनाची आवश्यकता नसते. किंबहुना दर्शनाने तो थोडा उणावण्याचाच संभव अधिक, हे ओळखूनच आमच्या वाडवडिलांनी ही व्यवस्था लावून दिली असावी. पाहुणा आला म्हणजे मात्र धांदल उडते. ‘तुमच्या नागपुरात पाहण्यासारखं काय आहे हो?’ असे तो चहाचा पहिला घोट घेता घेता विचारतो, आणि त्या पाहण्यासारख्या वस्तूंच्या कुंपणावरून रोज कचेरीत जाणारा-येणारा यजमान मोठ्या गंभीरपणे पत्नीकडे पाहतो, पत्नी धाकट्या दिराकडे पाहते, दीर मोबाईलकडे पाहतो, आणि एवढे पाहून झाल्यावर संत्राबर्फी कोठे चांगली मिळते या विषयावर सर्वांचे एकमत होते.

त्यातही अडचण अशी की, नागपूरला येणारा पाहुणा हा बहुधा नागपूरला आलेला नसतोच. तो दिल्लीहून मद्रासकडे किंवा मुंबईहून कलकत्त्याकडे निघालेला असतो, आणि वाटेत नागपूर लागते याला त्याचा इलाज नसतो. एक गाडी सोडून दुसरी धरेपर्यंत जो अवधी मिळतो त्यातून भोजन, वामकुक्षी आणि ‘फार उकडतं बुवा तुमच्याकडे’ हे वाक्य वजा केले म्हणजे जो काय काळ शिल्लक राहील, तेवढ्यात महापाषाणयुगापासून विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनापर्यंतचा समग्र इतिहास दाखवून त्याला पुन्हा फलाटावर नेऊन पोचविणे, हे कर्तव्य आमच्यावर भूगोलाने लादलेले आहे. म्हणून आम्ही त्या भूगोलापासूनच आरंभ करतो आणि पाहुण्याला प्रथम झीरो माईलला नेतो. विधानभवनापासून हाकेच्या अंतरावर वालुकाश्माचा एक स्तंभ, सोबतीला पाय उचललेले चार घोडे, आणि जबलपूर १७०, हैदराबाद ३१८ अशी मैलांची अंतरे अंगावर वागविणारा एक षट्कोनी दगड, असा हा सरंजाम आहे. इंग्रजांच्या भूमापन खात्याने १९०७ साली हे ठाणे कायम केले आणि समुद्रसपाटीपासून स्तंभमाथ्याची उंची १०२०.१७१ फूट असल्याचे नमूद करून ठेवले. दशांशचिन्हापुढचे हे तीन आकडे मला नेहमी विचारात पाडतात. ज्या सरकारने आमचे सबंध राज्य घेताना फारशी मोजदाद केली नाही, त्याने एका दगडाच्या माथ्याची दोन इंच उंची मात्र सोडली नाही, याला कारभार म्हणतात.

हा दगड म्हणजे हिंदुस्थानचा मध्यबिंदू, अशी आमची श्रद्धा आहे. जाणकार सांगतात की, ही भूमापनाची खूण आहे, देशाची बेंबी नव्हे, आणि फाळणीनंतरच्या भारताचा मध्य मध्य प्रदेशातील करौंदी नावाच्या एका खेड्यात जाऊन पडतो. नागपूरकर यावर वाद घालीत बसत नाही. करौंदीला किती गाड्या थांबतात, एवढेच तो विचारतो. पाहुण्याचा मात्र या ठिकाणी हमखास हिरमोड होतो, कारण देशाचा मध्य काहीतरी भव्य असेल अशी त्याची कल्पना असते. आणि मग चार घोडे, एक खांब आणि पाठीमागून जाणारी मेट्रो यांचा एकत्रित फोटो काढून तो घड्याळाकडे पाहतो.

महापाषाणयुगाचा मी वर उल्लेख केला, तो केवळ अलंकार म्हणून नव्हे. शहराच्या पश्चिमेस काटोलच्या रस्त्याने थोडे गेले की जुनापाणी लागते, आणि तेथे लोहयुगातील माणसांनी आपल्या मृतांभोवती मांडलेली दगडांची वर्तुळे आहेत. एक-दोन नव्हेत, शेकडो. कार्नॅक नावाच्या इंग्रज अमलदाराने एकोणिसाव्या शतकातच ती उकरून पाहिली होती. परंतु नागपूरच्या चोहोबाजूंनी अलीकडे लेआउट पडलेले आहेत, आणि लेआउट म्हटला की चुन्याने रंगविलेले दगड आले. एका विद्वान पाहुण्यांनी अशाच एका भूखंडाच्या चतुःसीमेचे दगड चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ निरखले आणि मृताचे डोके कोणत्या दिशेला असावे याविषयी काही अनुमानही व्यक्त केले. मी त्यांना अडविले नाही. त्या भूखंडासाठी कर्ज काढणाऱ्या गृहस्थाची स्थिती पाहता ते अनुमान अगदीच निराधार होते असे मला वाटत नाही.

खरे म्हणजे नागपूरकराला इतिहास पाहण्याची गरज नाही, कारण तो त्याच्या पत्त्यात राहतो. महाल हा भाग घ्या. ज्या राजवाड्यावरून हे नाव पडले, तो भोसल्यांचा काळ्या पाषाणाचा, कोरीव लाकूडकामाने नटलेला राजवाडा १८६४ साली जळून गेला आणि नगारखान्याचा दरवाजा तेवढा मागे राहिला. तथापि महालात राहणारा मनुष्य ‘आम्ही महालातले’ असे ज्या स्वरात सांगतो, तो स्वर वाड्यासह जळालेला नाही. जवळच गोंड राजा चांद सुलतानाच्या वेळचा जुम्मा दरवाजा आहे, त्याला आता गांधीद्वार म्हणतात. आणि त्याच राजाच्या तलावाला आजोबा जुम्मा तलाव, वडील शुक्रवारी तलाव व महापालिका गांधीसागर म्हणते. ऑटोवाल्याला तिन्ही नावे ठाऊक असतात आणि भाडे तिन्हींचे सारखेच पडते. या सर्वांचा मूळपुरुष जो बख्त बुलंद शाह, ज्याने देवगडाहून येऊन १७०२ च्या सुमारास बारा वाड्यांचे हे शहर वसविले, त्याचा पुतळा सिव्हिल लाइन्समध्ये आहे. अधिवेशनाच्या दिवसांत त्याच्या आसपास इतके मोर्चे अडविलेले असतात की, आपण वसविलेल्या शहरात आपल्याविरुद्धच बंड झाले आहे, असा त्याचा समज होत असल्यास नवल नाही. तिकडे एम्प्रेस मिलचेही तसेच. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत फिरली, आणि त्याच दिवशी जमशेटजी टाटांनी नागपुरात आपली कापडाची गिरणी सुरू करून तिला सम्राज्ञीचे नाव दिले. गिरणीच्या जागी आता मॉल आहे. कॉलेजातली पोरे संध्याकाळी ‘एम्प्रेसला भेटू’ म्हणतात आणि खरोखरच भेटतात. जी बाई आयुष्यात कधी हिंदुस्थानात आली नाही, तिच्या भेटीला एवढी गर्दी दररोज होते.

पण पाहुणा पत्त्यावर समाधान मानीत नाही. त्याला काहीतरी काचेच्या आड ठेवलेले हवे असते. मग त्याला अजब बंगल्यात न्यावे लागते.

सरकारदप्तरी या संस्थेचे नाव मध्यवर्ती संग्रहालय. १८६३ साली ते स्थापन झाले, आणि त्याचे श्रेय रिचर्ड टेंपल यांच्याकडे जाते. मध्यप्रांत नावाचा प्रांतच मुळी १८६१ चा. म्हणजे ज्या प्रांताला स्वतःला अवघा दोन वर्षांचा भूतकाळ होता, त्याने प्रथम कोणते काम केले असेल तर संग्रहालय उघडले. आमच्या लहानपणी अजब बंगल्यात जाणे याचा अर्थ पेंढा भरलेला वाघ पाहणे, असाच होता. बाकीच्या दालनांतून आम्हाला ओढून नेण्यात येई. वाघापुढे मात्र आम्ही स्वखुशीने उभे राहत असू, आणि तो हलला की नाही यावर दोन पक्ष पडत. वाघ मागे पडून शिलालेखापुढे उभे राहण्याचे वय कधी येते ते समजत नाही. आले एवढे खरे. त्या शिलालेखांत नरवर्मदेव परमाराची इसवी सन ११०४ मधली प्रशस्ती आहे, जिला सर्व देशातले पंडित ‘नागपूर प्रशस्ती’ म्हणून ओळखतात आणि नागपुरात जिला कोणी ओळखत नाही. परंतु माझे स्वतःचे मन रमते ते ‘सीताबर्डीचा लेख’ या नावाने विद्वानांत प्रसिद्ध असलेल्या स्तंभलेखात. शके १००८, म्हणजे इ. स. १०८७, चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य गादीवर, त्याच्या एका मांडलिकाच्या पदरचा माणूस काही जमीन दान देतो. कशासाठी? देवालयासाठी नव्हे, ब्राह्मणासाठी नव्हे, गुरांच्या चराईसाठी.

हे वाचल्यापासून सीताबर्डीकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली. भर बाजारात, व्हरायटी चौकाच्या अलीकडे-पलीकडे, दोन्ही बाजूंच्या मोटारी थोपवून धरून ज्या गाई रस्त्याच्या मध्यभागी रवंथ करीत बसलेल्या असतात, त्यांना वाहतूक पोलीस शिट्टी वाजवून उठवू पाहतो, मोटारवाले भोंगे वाजवितात, एखादा स्कूटरस्वार त्यांच्या मालकाचा उद्धार करतो, आणि त्या गाई मात्र कान हलविण्यापलीकडे काही हालचाल करीत नाहीत. त्यांच्या मुद्रेवर जी निश्चिंतता दिसते, ती मूर्खपणाची नसून सनदेची आहे. नऊशे वर्षांची वहिवाट आहे. तिला हरकत घेणारा कालचा सिग्नल कोण?

एकदा हा धागा हाती लागला की, अजब बंगल्यात जिकडेतिकडे गुरेच दिसू लागतात. १८७० साली बालाघाट जिल्ह्यातील गुंगेरिया गावी तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पत्रे असा एक प्राचीन साठा सापडला; हिंदुस्थानातल्या ताम्रनिधींत त्याची ख्याती मोठी आहे. त्यातला काही भाग लंडनला ब्रिटिश म्युझियमकडे गेला आणि काही आमच्याकडे राहिला. तो सापडला कोणाला, तर गुरे चारणाऱ्या दोन पोरांना. आणि चांदीच्या पत्र्यांपैकी काहींचा आकार कसा, तर शिंगे असलेल्या बैलाच्या मुखाचा. त्याच्याही आधी, १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले, डलहौसीने राज्य खालसा केले, आणि राजवाड्याचा जामदारखाना जप्त होऊन जवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास रवाना झाले. हत्ती, घोडे व बैल यांचा मात्र येथल्या येथेच लिलाव झाला. बैलांपासून वेगळा काढलेला असा नागपूरचा इतिहास लिहावयाचा झाल्यास ग्रंथ फार बारीक होईल.

या संग्रहालयातील शस्त्रांच्या दालनात मला इतिहासाची खरी ओळख घडली ती आमच्या शेजाऱ्यांमुळे. बंगाल-नागपूर रेल्वेने ज्या अनेक बंगाली कुटुंबांना नागपुरात आणून सोडले, त्यांपैकी एका कुटुंबातले हे गृहस्थ. आम्ही त्यांना बाबू म्हणतो. हिशेब खात्यातून निवृत्त, स्वभावाने अत्यंत सौम्य, मासळी निवडण्यापलीकडे कोणत्याही बाबतीत आग्रह नाही. त्यांच्या कलकत्त्याच्या मेव्हण्यांना दाखविण्याच्या निमित्ताने आम्ही अजब बंगल्यात गेलो, आणि भोसलेकालीन तलवारींपुढे ते दोघेही असे उभे राहिले की, मी दोन पावले मागे सरलो. ‘लहानपणी आजी आम्हाला ह्याच लोकांची भीती घालून झोपवायची,’ बाबू म्हणाले. ‘निजला नाहीस तर बर्गी येतील.’

बर्गी म्हणजे आम्ही. पहिल्या रघुजींच्या फौजा १७४० नंतरची दहा वर्षे बंगालच्या मुलखात ज्या उतरत राहिल्या, त्यांनी काय केले याच्या कथा आमच्या पाठ्यपुस्तकांत ‘बंगालवरील स्वाऱ्या’ या एका ओळीत आटोपतात. तिकडे त्या अंगाईत शिरून बसल्या आहेत आणि अडीचशे वर्षे पोरे निजवीत आहेत. मी वरकरणी खेद व्यक्त केला. परंतु सांगावयास हरकत नाही, आतून मला जरा बरे वाटले. ज्या शहरात भाडेकरू घरमालकाला भीत नाही, विद्यार्थी मास्तरांना भीत नाही आणि उन्हाळ्यात नळदेखील नगरसेवकाला भीत नाही, त्या शहराच्या नुसत्या नावाने सातशे मैलांवरची मुले निमूटपणे डोळे मिटीत होती, ही गोष्ट मनुष्याच्या पाठीचा कणा थोडा ताठ करणारी आहे. मग न्यायाला धरून मी त्यांना भास्करराम कोल्हटकराची हकीकत सांगितली, की आमच्या या सरदाराला अलिवर्दीखानाने १७४४ साली बोलणी करण्यासाठी म्हणून तंबूत बोलावले आणि तेथेच ठार केले. मेव्हणे म्हणाले, ‘ते आम्हाला माहीत आहे.’ त्यांच्या आवाजात खेद नव्हता. अखेर १७५१ चा तहनामा होऊन ओरिसाचा वसूल आणि सालीना १२ लाख रुपये चौथाई रघुजींच्या पदरात पडली, असे सांगून मी विषय मिटवू पाहिला. ‘ते पैसे कुठं गेले?’ बाबूंनी विचारले. हिशेब खाते सुटले तरी सवय सुटत नाही.

त्यांना या प्रश्नाचा पाठपुरावा करण्याची संधी २०२५ साली मिळाली. त्या वर्षीच्या एप्रिलात लंडनच्या सदबीज या लिलावगृहात खुद्द पहिल्या रघुजींची तलवार विक्रीला निघाली. सरळ पात्याची फिरंग, वर सोन्याच्या अक्षरांत देवनागरी लेख, आणि त्यात शाहू महाराजांनी दिलेल्या ‘सेनासाहेब सुभा’ या किताबासह धन्याचे नाव. महाराष्ट्र शासनाने धावपळ करून, मध्यस्थ घालून, ती विकत घेतली. सर्व खर्च मिळून ४७ लाख १५ हजार रुपये पडले. वर्तमानपत्रात हा आकडा आला त्या दिवशी सकाळी बाबू फाटकाशी उभे होते. हातात कागदाचा चिटोरा होता. ‘सालीना बारा लाख,’ ते म्हणाले, ‘म्हणजे चार वर्षांचे अठ्ठेचाळीस. तलवारीचे सत्तेचाळीस पंधरा. आमच्या चार वर्षांच्या चौथाईत तुमची तलवार सुटली, आणि वर पंच्याऐंशी हजार उरले. ते कोणाकडे मागायचे?’ मी त्यांना शासनाच्या सांस्कृतिक कार्य विभागाचे नाव सांगितले, आणि अर्ज तिहेरी प्रतीत करावा असे सुचविले. तलवार ऑगस्टमध्ये मुंबईस येऊन पोचली व तिचे थाटात स्वागत झाले. नागपूरची वस्तू प्रथम मुंबईस उतरावी यात नागपूरकरांना वावगे असे काहीच वाटले नाही. अनुशेष हा शब्द आमच्याकडे तान्ह्या मुलालाही येतो.

सीताबर्डीच्या किल्ल्याची कथा याहून निराळी आहे, कारण तो पाहण्यासाठी नागपूरकर खरोखरच गर्दी करतो. याचे कारण तो बहुतेक दिवस बंद असतो. किल्ला लष्कराच्या ताब्यात असून प्रजासत्ताकदिन, स्वातंत्र्यदिन अशा मोजक्या दिवशी सामान्य जनांस खुला होतो, आणि त्या दिवशी सकाळपासून पोराबाळांसह, पाण्याच्या बाटल्या व चिवड्याचे पुडे घेऊन अवघी इतवारी टेकडी चढताना दिसते. हाच किल्ला बारमाही उघडा ठेवला तर वर्षभरात तेथे चढणाऱ्यांत शेळ्यांची संख्या अधिक भरेल, याविषयी मला शंका नाही. वस्तुसंग्रहालयांच्या चालकांनी या युक्तीचा विचार करण्यासारखा आहे. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी या टेकड्यांवर आप्पासाहेब भोसले आणि रेसिडेंट जेंकिन्स यांच्या फौजांत लढाई जुंपली. आप्पासाहेबांच्या अरबांनी धाकटी टेकडी सर केली होती, पण दुसऱ्या दिवशी इंग्रजांच्या घोडदळाने डाव फिरविला, आणि जिंकल्यावर इंग्रजांनी थोरल्या टेकडीवर हा किल्ला बांधून काढला. म्हणजे ज्या जागी आपण हरलो त्या जागी जिंकणाऱ्याने बांधलेली वास्तू, ही आम्ही पाहुण्यांना ‘आमचा किल्ला’ म्हणून दाखवितो. एका स्वातंत्र्यदिनी माझ्यापुढे एक गृहस्थ आपल्या आठ-नऊ वर्षांच्या चिरंजीवांना घेऊन तटावर उभे होते.

‘बाबा, हे लढाई कोन जिंकलं?’

‘आपनच जिंकलो न बे.’

‘मंग किल्ला इंग्रजाईनं काहून बांधला?’

गृहस्थांनी क्षणभर खालच्या रहदारीकडे पाहिले. ‘ठेका त्याईले भेटला,’ ते म्हणाले.

इतिहासाचे इतके समाधानकारक विवरण मी विद्यापीठातही ऐकलेले नाही. आप्पासाहेब पुढे कैदेत असता शिपायाचा वेष घेऊन निसटले, रानोमाळ हिंडले आणि १८४० साली दूर जोधपुरास वारले, हे त्या मुलाला कोणी सांगितले असते तर त्याला ते फार आवडले असते. पण तोवर त्याचे लक्ष चिवड्याकडे गेले होते. किल्ल्याच्या पायथ्यापासून जवळच कस्तुरचंद पार्क आहे. नागपूरच्या यच्चयावत राजकीय सभा तेथे होत आल्या. काही वर्षांपूर्वी तेथे सुशोभनासाठी खोदकाम चालू असता जुन्या तोफा जमिनीतून वर आल्या. इतकी वर्षे आमच्या पुढाऱ्यांनी ज्या भूमीवर उभे राहून तोफा डागल्या, तिच्या पोटात खऱ्या तोफा निजून होत्या आणि त्यांपैकी एकही कोणाच्या भाषणाने जागी झाली नाही.

रामटेकविषयी मी थोडक्यातच लिहितो, कारण तेथे पाहुण्याबरोबर जाण्याचे मी आता टाळतो. मेघदूतातील रामगिरी तो हाच, असे महामहोपाध्याय मिराशींनी साधार प्रतिपादन केले. सरगुज्याकडचे लोक आपल्या रामगढाचा हक्क सांगतात. वाद विद्वानांचा आहे. परंतु यक्ष नेमका कोठे उभा राहिला होता हे पाहुणा टेकडीवर विचारतो त्या क्षणी त्याच्या हातातली पिशवी वानर घेऊन जातो, आणि मग विरहाचा विषय वेगळ्याच अंगाने निघतो.

पाहुणा आणि यजमान यांच्या या व्यवहाराला नागपुरात एक ठिकाण मात्र अपवाद आहे, आणि तेथे माझी थट्टा मीच आवरून धरतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांसह जेथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवर विजयादशमीला गावोगावहून जे लोक येतात ते काही पाहावयास येत नाहीत. डोक्यावर गाठोडे, कडेवर मूल, बरोबर भाकरी; ती मंडळी पुस्तकांच्या दुकानांपुढे दाटी करतात, आणि जाताना गाठोड्यात पुस्तकांची भर पडलेली असते. शहराबाहेर चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातले कपडे, टंकलेखनयंत्र अशा वस्तू जपून ठेवल्या आहेत. तेथे एका म्हातारीला मी काचेवरून हात फिरवून तो आपल्या नातवाच्या डोक्यावरून फिरविताना पाहिले. नातू विचारीत होता, यावर मराठी टाइप होतं का. पुराणवस्तुशास्त्राच्या व्याख्येत हे कोठे बसते, मला सांगता येणार नाही.

बाकी नागपूरकरांचे स्वतःचे असे जे संग्रहालय आहे ते दरवर्षी एकाच दिवशी उघडते आणि त्याच दिवशी जाळून टाकण्यात येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोरे चाकांचे लाकडी बैल सजवून दारोदार बोजारा मागतात, आणि ही प्रथा दुसऱ्या रघुजींनी पाडली असे सांगतात (पाहा, पुन्हा बैल). त्याच दिवशी मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. बांबूच्या कामट्यांवर कागद आणि कापड चढवून केलेल्या या अक्राळविक्राळ स्त्रिया इतवारीच्या गल्ल्यांतून, दोन्ही बाजूंच्या गच्च्यांवरून लटकणाऱ्या गर्दीमधून डुलत जातात. पाठोपाठ त्या त्या वर्षाचे बडगे, म्हणजे पुतळे, असतात, कधी महागाईचा, कधी खड्ड्यांचा, कधी परदेशातल्या एखाद्या राष्ट्राध्यक्षाचा. रोगराई, इडापिडा, जे काही गावाला नको असेल ते सर्व बरोबर घेऊन जाण्याची मारबतीला आरोळी ठोकून आज्ञा होते, आणि वेशीबाहेर नेऊन तिला अग्नी देण्यात येतो.

काळी मारबत म्हणजे बाकाबाई, असा लोकसमज आहे. दुसऱ्या रघुजींची ही राणी. १८५७ साली तिने आपले वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकले, म्हणून सव्वाशेहून अधिक वर्षे गाव तिला जाळीत आहे. गेल्या खेपेस माझ्याबरोबर इतिहासाचे एक प्राध्यापक होते. नेहमीप्रमाणे दोन गाड्यांच्या मधल्या वेळात आलेले. त्यांना हा प्रकार पाहून अतिशय क्लेश झाले. शेजारी एक वृद्ध गृहस्थ, अंगात बंडी, कपाळावर अबीर, पिढीजात मारबत बांधणाऱ्यांपैकी, ताशाच्या गजरात मान डोलावीत उभे होते. प्राध्यापकांनी त्यांना गाठले आणि ताशे जेवढे बोलू देतील तेवढ्या फटींतून समजावून दिले की, बाकाबाईची बाजू कोणी ऐकूनच घेतलेली नाही. राज्य खालसा झाले त्या वेळी राजवाड्यातले सामान हलवाल तर वाड्याला आग लावीन अशी धमकी याच म्हातारीने साहेबाला दिली होती, आणि हे के नावाच्या इंग्रज इतिहासकारानेच लिहून ठेवले आहे. सामान गेले, जवाहीर गेले, घरचे हत्ती-बैल लिलावात गेले, त्यानंतर उरलेल्या माणसांची पेन्शन आणि मानमरातब तरी राहावा म्हणून सत्तावनात ती थंड राहिली असेल, तर तिला देशद्रोही ठरवून दरसाल जाळणे हे ऐतिहासिक न्यायाला कितपत धरून आहे?

वृद्ध गृहस्थांनी सर्व ऐकून घेतले. वाड्याला आग लावण्याच्या धमकीशी तर त्यांनी पसंतीने मानही हलविली. मग ताशा थोडा थांबल्याची संधी साधून ते प्राध्यापकांच्या कानाशी वाकले.

‘बाई चांगली असन सायेब,’ ते म्हणाले, ‘आमी कुठं नाही म्हनतो? पन आता बांबू आनून झाला, कागद चिकटवून झाला, महिनाभर पोरं राबून राहिले. तुमी हे पोळ्याच्या आंधी सांगाले पायजे होतं.’